केणे बाईंच्या गाद्या

केणे बाई पहिल्या दिवशी आमच्या वर्गात आल्या आणि पडल्या.

पाय घसरून नाही. हजेरीपुस्तक टेबलावर ठेवलं, पदर कमरेला खोचला, आमच्याकडे पाठ केली आणि उभ्याच्या उभ्या मागे गेल्या. दोन्ही तळहात फरशीवर आपटल्याचा मोठा आवाज झाला. पहिल्या बाकावरची मुलगी तोंडावर हात धरून उभीच राहिली. बाई उठल्या, पातळ झटकलं आणि फळ्यावर तारीख घालावी तितक्या सहज म्हणाल्या, "आता तुम्ही."

आम्ही तेव्हा नववीत होतो. सत्तरच्या दशकातली मधली वर्षं. भिवंडीतल्या आमच्या मुलींच्या शाळेत पी.टी.चा तास म्हणजे रांगेत उभं राहून हात वरखाली करणं, नाहीतर गणिताचा राहिलेला भाग पुरा करणं. पी.टी.ला नव्या बाई येणार एवढंच कळलं होतं. त्या ज्यूदो शिकवणार हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि ज्यूदो म्हणजे काय हे तर मोठ्या बाईंनाही, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनाही, नीट ठाऊक नव्हतं.

केणे बाई कोनच्या. कल्याण रस्त्यावरचं कोन. घरची भातशेती होती, खाडीच्या अंगाला. व्यायामशिक्षणाच्या कॉलेजात लष्करातून निवृत्त झालेले एक शिक्षक होते, त्यांच्याकडून त्या ज्यूदो शिकल्या. वय तिशीचं, बांधा ठेंगणा, मान जाड, आणि चाल अशी की पाऊल टाकण्याआधी जमीन चाचपून बघतायत असं वाटावं. कोनहून रोज सायकलने यायच्या. गोल पातळ, त्याखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. सायकलवरून जाणारी बाई बघायला लोक तेव्हा दारात येऊन उभे राहायचे. बाई त्या सगळ्यांना मान लवून नमस्कार करायच्या. महिनाभरात लोकांनाच अवघडल्यासारखं झालं आणि त्यांनी बघणं सोडलं.

वर्गात त्यांचं मराठी पुस्तकातलं असायचं. पण मनापासून काही बोलायला लागल्या की घरची भाषा बाहेर यायची, हाय-न्हाय सुरू व्हायचं. बाईंचं 'नाही' आम्ही कधीमधी मोडायचो. बाईंचं 'न्हाय' कुणी मोडलं नाही.

मुलींची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, की मुद्दाम ठेवत नसत, कोण जाणे. त्या आम्हाला गावाच्या नावाने हाका मारायच्या. मी कामतघरच्या चाळीत राहायची म्हणून मी 'कामतघर'. मंदा भोईर एस्.टी.ने खारबावहून यायची, ती 'खारबाव'. "कामतघर, मान आत घे. खारबाव, घाई कसली आहे?" अशी सगळी भिवंडी शाळेच्या मैदानावर लोळवायच्या.

पहिले सहा आठवडे आम्ही फक्त पडलो. मागे, पुढे, कुशीवर, गोलांटी घेऊन. हनुवटी छातीला लावायची म्हणजे डोकं आपटत नाही, हाताने जमिनीला थाप द्यायची म्हणजे मार हातावर विखुरतो. आधी गवतावर, मग गाद्यांवर. दुसरीला पाडायचं कधी, असं कुणी विचारलं की बाई म्हणायच्या, "तिला पडता येईल तेव्हा."

त्या गाद्यांचं सांगायला हवं. शाळेकडे गाद्या घ्यायची ऐपत नव्हती. बाईंनी सायकलच्या मागे गोणपाट बांधलं आणि शाळा सुटल्यावर यंत्रमागाचा एकेक कारखाना गाठला. लूमवर चिंध्या आणि वाया गेलेलं सूत ढिगाने निघायचं. बाई दारात जाऊन सांगायच्या की मुलींच्या गाद्यांसाठी हवं आहे. कामगार आधी हसायचे, मग भरून द्यायचे. लूमच्या खटखटीत ओरडून बोलावं लागे, त्यामुळे बाईंचं मागणं अर्ध्या गल्लीला ऐकू जायचं. गोणपाटं भरून, ठासून, वर जुनी ताडपत्री शिवून दहा गाद्या तयार झाल्या. एकेक एवढी जड की न्यायला दोन मुली लागत. डागी निघालेलं कोरं कापडही मिळालं, त्याचे आम्ही डगले आणि पायजमे शिवले.

पायजम्यांवरून घराघरांत कुरबूर झाली. माझ्या आईने तर साफ नकार दिला. बाई आमच्या खोलीवर आल्या, पडद्यामागे जाऊन स्वतः डगला-पायजमा घालून आल्या, आईसमोर मांडी घालून बसल्या, उठल्या, एक गोलांटी घेतली आणि चहाचा कप हातात घेऊन विचारलं, "वहिनी, काही दिसलं का?" आईने जरा विचार केला आणि कबूल केलं की लुगड्यात याहून जास्त दिसतं. मला परवानगी मिळाली.

मोठ्या बाईंची मात्र एक अट होती. गावातून एक तक्रार आली की वर्ग बंद. मारामारीची एकही गोष्ट त्यांच्या कानावर यायला नको. केणे बाईंनी ही अट आम्हाला सांगितली, आणि स्वतःची एक त्यात घातली. वर्गाबाहेर हात सुटण्यापुरता. कुणी धरलं तर सोडवून घ्यायचं आणि निघायचं. सुटल्यावर पुढे काही नाही.

हा नियम सगळ्यांत आधी मीच मोडला. पाणपोईजवळ आमच्याच आळीतल्या एका मुलाने माझं मनगट धरलं आणि म्हणाला, सोडवून दाखव. मी एका झटक्यात सोडवलं. तिथेच निघायला हवं होतं. पण बघणाऱ्या मुली हसत होत्या, मला चेव चढला, आणि मी त्याला ढकललं. तो गटाराच्या कडेवर पडला. मी दुसऱ्या दिवशी मोठ्या ऐटीत वर्गात सांगितलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि दोनच गोष्टी विचारल्या: सुटलीस कधी, ढकललंस कधी. मग मला घेऊन त्या मुलाच्या घरी गेल्या. त्याचं कोपर चांगलं सोलून निघालं होतं. त्याची आई हळद भरत होती, तोवर बाईंनी त्याचा हात मला धरायला लावला. तो मुसमुसत होता आणि माझ्याकडे बघत नव्हता. परतताना बाई एवढंच म्हणाल्या, "त्याला पडता येत न्हाय गं." मला तेव्हा ते फारसं कळलं नाही.

आव्हानं येतच राहिली. मुली पाडायला शिकतात ही बातमी भिवंडीसारख्या गावात दाबून राहणार कशी? तालमीतला रघू नावाचा एक गडी शाळेच्या फाटकाशी येऊन म्हणाला की बाई, पोरींना काय पाडता, आम्हाला पाडा. बाईंनी त्याला वेळापत्रक सांगितलं. मंगळवार, गुरुवार, शनिवार, साडेचार वाजता. येताना आपल्या वस्तादांना घेऊन ये. रघू गेला तो गेलाच. पण गुरुवारी खुद्द आप्पा वस्ताद आले. साठी उलटलेले, कान चुरगळलेले, अंगात स्वच्छ सदरा. आपल्या गड्याने एका शिक्षिकेला हटकलं याची माफी मागायला आले होते. बाईंनी त्यांना खुर्ची दिली. ते अर्धा तास आमचं पडणं बघत बसले, मग उठून एका गादीत अंगठा रुतवून पाहिला आणि म्हणाले की आम्ही माती खणून मऊ करतो, तुम्ही चिंधी भरता, गोष्ट एकच. त्यानंतर त्या वाटेने गेले की ते घटकाभर येऊन बसायचे.

दिलीपचं प्रकरण याच्या पुढल्या वर्षीचं. आम्ही दहावीत गेलो होतो. माझे वडील ज्या कारखान्यात लूमवर होते, त्या शेठचा हा मुलगा. अठरा-एकोणीस वर्षांचा. मुंबईला कुठेसा काही महिने कराटे शिकून आला होता आणि काळा पट्टा बांधून कामतघरच्या नाक्यावरच्या पानाच्या टपरीशी उभा असायचा. चार मित्र सोबत. मंदाची एस्.टी.कडे जायची वाट तीच.

मंदा आमच्यात सगळ्यात तयार होती. उंच, हाडापेराने मजबूत, बोलायला कमी. रोज तिला टपरीवरून काहीतरी ऐकावं लागायचं. तुमची बाई तुम्हाला लोळायला शिकवते म्हणे. लोळून दाखव. ती खाली मान घालून जायची. एका गुरुवारी दिलीपने तिच्या हातातली डगल्याची गुंडाळी ओढून घेतली आणि टपरीच्या पत्र्यावर फेकली. म्हणाला की रविवारी सकाळी कामतघरच्या मैदानात ये, मला पाडलंस तर परत देतो.

मंदा म्हणाली, "येईन."

शुक्रवारपर्यंत ही गोष्ट कामतघरच्या प्रत्येक चाळीत पोचली होती. वडिलांनी मला बजावलं की रविवारी तिकडे फिरकायचं नाही, शेठच्या घरचा मामला आहे. आणि मंदाला वेगळीच धास्ती होती. तिचे वडील तिला दहावी पुरी करू द्यायला जेमतेम तयार झाले होते. घरात लग्नाचं बोलणं सुरू होतं. पोरगी मैदानात पुरुषाशी लढली हे खारबावला कळलं असतं, तर ती सोमवारी शाळेत आलीच नसती. आणि वर्गही राहिला नसता. हे सगळं तिला माहीत होतं. तरी ती शब्द देऊन बसली होती.

शनिवारी साडेचारला आम्ही गाद्यांवर रांगेत बसलो. बाई रागावतील याची वाट बघत होतो. बाई आमच्यासमोर खाली बसल्या आणि आपल्या चुलतभावाची गोष्ट सांगू लागल्या. त्याआधी त्यांनी घरातलं असं कधीच काही सांगितलं नव्हतं.

त्याचं नाव नथू. बाईंपेक्षा दोन वर्षांनी मोठा. खाडीत त्याची होडी होती. बाई कॉलेजातून सुट्टीला घरी आल्या तेव्हा तो म्हणाला, काय शिकलीस ते दाखव. खळ्यावर सगळी पोरं जमली होती. बाईंनी दाखवलं. नथू एका झोक्यात त्यांच्या कमरेवरून गेला आणि खळ्याच्या कडेच्या दगडांवर खांद्यावर पडला.

"सगली पोरं टाल्या वाजवीत व्हती," बाई म्हणाल्या. त्यांची भाषा पुरती घरची झाली होती. "मी पन हसत व्हते. त्यो उठला न्हाय तवा मना कलला. त्याचा हात अजून खांद्याच्या वर जात न्हाय. होडी इकली त्यानं."

मग त्या परत शाळेच्या भाषेत आल्या. म्हणाल्या की गादीवर तुम्ही एकमेकींना पाडता कारण दोघींनाही पडता येतं आणि खाली गादी असते. रस्त्यावर जो तुम्हाला ये म्हणतो, त्याला आपण पडू शकतो हेच माहीत नसतं. त्याला पाडणं सोपं आहे. म्हणूनच ते करायचं नसतं.

मंदाचे डोळे भरले होते. तिने विचारलं, "मग मी जाऊ नको, बाई?"

बाई उठून उभ्या राहिल्या.

"शब्द दिलास ना? मग जायचं. पण गाद्या घेऊन जायचं."

त्या संध्याकाळी बाईंची सायकल कुठे कुठे फिरली ते आम्हाला मागाहून कळलं. आधी मोठ्या बाईंच्या घरी. तिथे त्यांनी सगळी हकीकत लपवाछपवी न करता सांगितली आणि शाळेतर्फे ज्यूदोचं प्रात्यक्षिक आहे अशी चिठ्ठी मिळवली. मोठ्या बाई म्हणे बराच वेळ पेन हातात धरून बसल्या होत्या. मग तालमीत, आप्पा वस्तादांकडे, पंच म्हणून या असं सांगायला. मग शेठच्या घरी. तिथे त्या शेठला नाही, दिलीपच्या आईला भेटल्या. उद्या तुमचा मुलगा आमच्या मुलीसोबत प्रात्यक्षिकात आहे, तुम्ही पुढे बसायला या, असं आमंत्रण दिलं. खारबावला मंदासोबत तिच्या वडिलांसाठी बाईंची चिठ्ठी गेलीच होती, प्रात्यक्षिकाला या म्हणून. शेवटी बाई कोनला, आपल्या घरी.

रविवारी सकाळी शाळेपासून आम्ही निघालो. वीस मुली, दहा गाद्या. दोघी दोघी डोक्यावर गादी घेऊन, डगले-पायजमे घालून, एकामागे एक. मंदाच्या अंगात कुणाचा तरी मागून घेतलेला डगला. पुढे बाई सायकल हातात धरून चालत होत्या. कामतघरच्या रस्त्याला लागलो तेव्हा रात्रपाळी सुटून कामगार चहाला उभे होते. कुणीतरी हिंदीत विचारलं, ये बारात किसकी है? मग आमचे चेहरे बघून लोक बाजूला होऊन वाट देऊ लागले आणि मग मागून चालू लागले.

माझी जोडीदारीण बुटकी होती, गादी सारखी तिच्या बाजूला कलत होती. एका वळणावर गादी एकदम हलकी झाली. बघते तर वडील. केसांत सुताचा भुगा, डोळे जागरणाने लाल. त्यांनी जोडीदारणीला बाजूला केलं आणि गादीचं दुसरं टोक डोक्यावर घेऊन मैदानापर्यंत चालत आले.

मैदान कसलं, मुरमाचा माळ. जागोजागी खडी वर आलेली. आम्ही दहा गाद्या जोडून मांडल्या. आप्पा वस्ताद एका बाजूला उभे राहिले. दुसऱ्या बाजूला खुर्चीवर दिलीपची आई. तिला बघून दिलीपचा चेहरा उतरला. मित्र गर्दीत मागे सरकले. सगळ्यात मागे मंदाचे वडील, टोपी आणि बगलेत छत्री, जणू वाट चुकून आल्यासारखे.

बाईंनी दिलीपला अगदी अदबीने सांगितलं की सुरुवातीला पडून दाखवावं लागतं, आमची पद्धत आहे. मंदाने पडून दाखवलं. दिलीप म्हणाला की मी पडायला आलो नाही. बाई म्हणाल्या, बरं. आणि मंदाच्या कानाशी जाऊन काहीतरी बोलल्या.

वस्तादांनी हात खाली केला. दिलीपने आल्याआल्या लाथ मारली. ती मंदाच्या मांडीवर बसली, आवाज सगळ्यांनी ऐकला. मंदा वाकली. वस्तादांनी थांबवू का म्हणून विचारलं, तिने मान हलवली. दिलीपला धीर आला. तो दुसऱ्यांदा आला तेव्हा तिने त्याची बाही आणि गळपट्टी धरली, पाठ त्याच्या पोटाला लावली, आणि तो वर गेला. आम्ही हे शंभरदा केलं होतं, तरी बाहेरच्या माणसाला असं उचललं जाताना पहिल्यांदा बघत होतो. तो पाठीवर पडला. पण मंदाने त्याची बाही सोडली नव्हती. शेवटपर्यंत दोन्ही हातांनी वर ओढून धरली होती, त्यामुळे त्याचं डोकं गादीला लागलंच नाही.

दिलीप उठला आणि परत धावून आला. परत तेच. या वेळी लोक ओरडले.

तिसऱ्यांदा त्याने तिची वेणी धरली.

गर्दीतून शिव्या आल्या. वस्ताद पुढे झाले. पण ते दोघं ओढाताणीत गाद्यांच्या अगदी कडेला गेले होते. मंदाची मान मागे खेचलेली, आणि तरी तिच्या मुठीत त्याची गळपट्टी होती. त्याचा एक पाय गादीवर, दुसरा हवेत, आणि पाठीमागे खडी. तो तोलून होता तो फक्त तिच्या हातावर. मी त्या बाजूला उभी होते, मला मंदाचा चेहरा दिसत होता. ती चिडलेली होती. डोळ्यांतून पाणी येत होतं. मूठ उघडली असती तर नियम मोडला असं कुणी म्हटलंही नसतं, वेणी तर त्यानेच धरली होती.

तिने त्याला आत ओढलं. पाय मागे घेऊन, सगळा जोर लावून, खडीवरून गादीवर आणलं आणि तिथे खाली ठेवलं. पाडलं म्हणता येणार नाही. ठेवलं. वेणी त्याच्या हातातून सुटली. तो पडल्या पडल्या मान वळवून मागच्या खडीकडे बघत राहिला, उठला नाही.

वस्तादांनी मंदाचा हात वर केला. त्यानंतर जो गलका झाला तो मला अजून आठवतो. कामगार डोक्यावरचे रुमाल काढून फिरवत होते. आम्ही सगळ्या जणी, मार खाऊन लंगडणाऱ्या मंदाला मिठी मारून रडत होतो. त्या गडबडीत माझं लक्ष बाईंकडे गेलं. त्या सायकलपाशी उभ्या होत्या आणि त्यांच्या शेजारी एक माणूस होता. सावळा, बाईंसारखीच जाड मान. सगळे हात वर करून टाळ्या वाजवत होते, तो एकाच हाताने मांडीवर थाप देत होता. दुसरा हात अंगाशी तसाच. मी गादी उचलायला त्या बाजूला गेले तेव्हा तो बाईंना म्हणाला ते मी ऐकलं.

"धरला गं तिनं त्याला."

बाईंनी पदराने तोंड पुसलं आणि सायकलची घंटी उगाचच दोनदा वाजवली.

दिलीपची आई उठून मुलाजवळ गेली. ओरडली नाही. त्याला म्हणाली की मुलीचा कपडा घेऊन ये. दिलीप सगळ्या गर्दीसमोर नाक्यावरच्या टपरीवर चढला, पत्र्यावरून डगला काढला, आईने तो झटकून घडी घातली आणि मंदाच्या हातात दिला. मंदाचे वडील तोवर पुढे आले होते. ते बाईंसमोर थांबले, टोपी काढली, परत घातली आणि म्हणाले, "फुडच्या बारीला आधी सांगा, बाई. गावची मानसा घेऊन येईन."

मंदा दहावी झाली, अकरावीही झाली. माझ्या वडिलांना कामावरून कुणी काही म्हटलं नाही. मोठ्या बाई सोमवारी प्रार्थनेनंतर दोन मिनिटं बोलल्या आणि त्यांना भाषणात पहिल्यांदाच 'ज्यूदो' हा शब्द न अडखळता म्हणता आला. दिलीपही आला, महिन्याभराने. रविवारी सकाळी तालमीत वस्तादांच्या देखरेखीखाली मुलांसाठी वर्ग सुरू झाला होता, तिथे. बाईंनी त्याला सगळ्यांसारखंच सहा आठवडे पडायला लावलं. तो चांगला पडायचा, असं बाई म्हणायच्या, आणि ते कौतुकच होतं.

मंदाच्या कानात तेव्हा काय सांगितलं होतं, हे आम्ही तिला खोदून खोदून विचारलं. ती म्हणाली, बाई म्हणाल्या, तुझ्या हातात आहे तोवर तो तुझा पाहुणा आहे.

शाळा संपली आणि मी नर्सिंगला गेले. बाईंना शेवटचं पाहिलं ते त्यानंतर दोन-तीन वर्षांनी, भिवंडीच्या एस्.टी. स्टँडवर. मी सुट्टी संपवून निघाले होते. नाशिकच्या गाडीपाशी मुलींचा घोळका होता, सगळ्यांच्या हातात कापडी पिशव्या. मी त्यांच्यातली एकही ओळखली नाही, पण उभं राहण्याची ढब ओळखली. कंडक्टर तिकिटं फाडता फाडता एकीला विचारत होता, कुठं लग्नाला का गं सगळ्या? ती बारा-तेरा वर्षांची असेल. म्हणाली, स्पर्धेला. कसली स्पर्धा? तिने तोंडातली गोळी गालात सरकवली आणि सांगितलं, "पाडायची."

कंडक्टरने तिच्याकडे बघितलं आणि पुढची तिकिटं जरा सांभाळून दिली.

मी खिडक्यांमधून बाईंना शोधू लागले. त्या मधल्या बाकावर खिडकीशी होत्या. केसांत पांढरं आलं होतं. पहाटेपासून त्या पोरींना घराघरातून गोळा करत फिरल्या असणार, कारण गाडी सुटायच्या आधीच त्या गाढ झोपल्या होत्या. डोकं काचेला टेकलेलं, तोंड किंचित उघडं. बाईंना मी कधी बसून विसावा घेतानाही पाहिलं नव्हतं. मी काचेवर टकटक करायला हात उचलला. आतल्या बाजूने एका मुलीने ओठांवर बोट ठेवून मला दटावलं, आणि आपली कापडी पिशवी बाईंच्या डोक्याखाली सारून दिली. बाई जराशा हलल्या, नीट टेकल्या आणि परत झोपी गेल्या.

गाडी सुटली. आतल्या मुली, इतक्या मुली असून, बाईंना जाग येऊ नये म्हणून अगदी गप्प बसल्या होत्या.